जोडप्यांसाठी मनःशांती

किस्से ऑफिसात साचतात, कँटीनमध्ये साचतात. आमचे मात्र मल्लेश्वरममधल्या एका हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये साचले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या पेशंटांसाठी तिथे दर शनिवारी ध्यानाचा वर्ग भरे, नवरा-बायकोनं मिळून करायचा. पेशंट माझी बायको, सुमन. आता फार दिवस नाहीत हे तिला कळू देऊ नका, अशी मीच डॉक्टरांना गळ घातली होती. बहुतेक घरांत हेच चालायचं. म्हणून पाटीवर आजाराचं नाव नव्हतं, नुसतं ‘जोडप्यांसाठी मनःशांती’.

शेजारीण ती पाटी वाचून आली आणि सुमनला म्हणाली, “तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?”

“हो,” सुमन म्हणाली, “सत्तावीस वर्षं झाली.”

*

वर्ग घेणाऱ्या वसुधाक्का परदेशातून कोर्स करून आल्या होत्या. एकदा त्यांनी प्रत्येकाला एकेक मनुका दिली. “जिभेवर ठेवा. चावू नका. पाच मिनिटं फक्त चव बघा.”

औषधांनी सुमनच्या तोंडाची चव केव्हाच गेली होती. “पाच मिनिटं कशाला अक्का? मला ही उद्यापर्यंत पुरेल.”

सगळे हसले. मला वसुधाक्कांचा भयंकर राग आला.

*

“उद्याचा विचार सोडा,” हे अक्कांचं पालुपद. बँकेतून रिटायर झालेले अनंतअण्णा बायकोला घेऊन यायचे. एका शनिवारी एकटेच आले आणि सतरंजीवर शेजारची जागा सोडून बसले.

अक्का हळूच म्हणाल्या, “अण्णा, आज नसतं आलात तरी चाललं असतं.”

“उद्याचं तुम्ही शिकवलंत,” अण्णा म्हणाले. “कालचं काय करायचं ते राहिलं.”

*

मग एकमेकांच्या डोळ्यांत बघण्याचा प्रयोग झाला. मला जमेना.

“अहो,” सुमन म्हणाली, “कुंकू मधोमधच आहे. जरा खाली बघा.”

*

शेवटी शेवटी अक्कांनी सांगितलं, हात धरा, डोळे मिटा आणि आजवर लपवलेली एक गोष्ट जोडीदाराला सांगा. सुमननंच सुरुवात केली.

“तुम्ही डॉक्टरांना भेटलात ना, त्याच्या आदल्या दिवशी मी एकटी जाऊन सगळं विचारून आले होते. मला माहीत आहे हे ह्यांना सांगू नका म्हटलं, घाबरतील. आता तुम्ही सांगा.”

मी म्हणालो, “मला हे ध्यान मुळीच जमत नाही.”

तिनं माझा हात सोडला नाही.

“सरी, बरं,” ती तिथल्या कानडीत म्हणाली. “स्वल्प वेळ घ्या. पण स्वल्पच.”