दोरा आणि दोन टिकल्या

माझ्या मावशीला सगळं जग मावशी म्हणतं. हॉस्पिटलात अंग पुसणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या बाईला मावशीच म्हणायची रीत आहे. सत्तरीचे आजोबाही तिला "ओ मावशी" करून हाका मारतात आणि तिला अजून पन्नाशीसुद्धा लागलेली नाही. "सख्खी भाची तू एकटी, बाकीचे सगळे सावत्र," असं ती मला म्हणते. पण सख्खीला टपली आणि सावत्रांना लाड, हे मी माझ्या कानामागच्या भागाला विचारून सांगू शकते.

काका गेले तेव्हा ती हॉस्पिटलच्या शिवणखोलीत लागली. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे. मग वॉर्डात माणसं कमी पडली म्हणून तिला आठ दिवसांसाठी वर पाठवलं. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. अकरा वर्षं झाली. अकराही वर्षं टेम्पररी. यंदा मात्र पाच मावश्यांना कायम करणार होते, आणि कोणाला करायचं ते ठरणार होतं मोठ्या सिस्टरांच्या शेऱ्यावर.

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. त्या येण्याआधी त्यांची चप्पल येते. उजवी "टक" वाजते, डावी "फरर्र" घासते. टक, फरर्र. टक, फरर्र. आणि आल्या की "हे बघा." दुसरं वाक्य काहीही असो, पहिलं हेच. मला त्यांची चाल आणि आवाज दोन्ही इतकं छान जमतं, की एकदा मी जिन्यात "हे बघा" म्हटलं तर दोन वॉर्डबॉयनी पटकन विड्या विझवल्या.

तर या वॉर्डात एक शब्द फार चालतो. इम्प्रूव्ह. नातेवाईक दारातून विचारतात, "इंप्रू आहे ना हो?" तरुण डॉक्टर, ज्यांना सगळे ओके डॉक्टर म्हणतात, ते पेशंटपासून चार पावलांवरूनच, "ओके, ओके, इम्प्रूव्हिंग, ओके," म्हणत पुढच्या खाटेकडे जातात. मोठ्या सिस्टर मावश्यांना म्हणतात, "हे बघा, स्वतःला जरा इम्प्रूव्ह करा." आमच्या वर्गबाई तर पाच वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकात लाल शाईने हेच लिहितायत. त्यांचं प्रत्येक वेळी ऐकलं असतं, तर एव्हाना मी त्यांची मुख्याध्यापिका झाले असते.

मावशीचं मात्र या शब्दाशी वाकडं. कुणी इम्प्रूव्ह म्हटलं, की ती हातातलं काम न थांबवता विचारते, "कशापेक्षा?"

मी एकदा म्हटलं, "अगं, इम्प्रूव्ह म्हणजे बरं."

"बरं म्हणजे बरं. इम्प्रूव्ह म्हणजे कालच्यापेक्षा बरं. मग काल कुणी बघितलं होतं, ते आधी सांग."

ती स्वतः कसं बघायची, तर दोऱ्याने. मोजायची टेप वॉर्डात एकच, आणि ती मोठ्या सिस्टरांच्या कुलपात. म्हणून सुजलेल्या पायावर ही पेनाने रेघ मारायची, बँडेजच्या कडेचा दोरा काढून रेघेवरून गुंडाळायची, जिथे टोक भेटेल तिथे कापायची आणि तो दोरा खाटेच्या दांडीला बांधून ठेवायची. पुढच्या वेळी नवा दोरा. मग दोन्ही शेजारी ताणून धरायचे. शिवणखोलीतली सवय, दुसरं काय.

त्या बुधवारी माझा पेपर लवकर सुटला. साडेदहाला तिचा डबा घेऊन मी वॉर्डात गेले, तर ती नऊ नंबरच्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसलेली. खाटेवर रंगारी. त्याच्या तळपायात खिळा घुसला होता, जखम चिघळून पाय पोटरीपर्यंत सुजला होता. आठ दिवस झाले होते. आज बारा वाजता घरी सोडणार. बायकोने पिशवी भरून मांडीवर घेतली होती, जणू वाटेत कुणी हिसकावून घेणार.

"मावशी, मापं घेताय, पँट शिवता का काय?" रंगारी म्हणाला. "खिसे दोन ठेवा."

एरवी मावशीने याला तिथल्या तिथे परत केलं असतं. आज तिने मान वर केलीच नाही. तिच्या हातात दोन दोरे होते. एक रविवारचा, ती दोन दिवसांच्या सुट्टीवर गेली त्याआधीचा. एक आत्ताचा. आत्ताचा दोन बोटं लांब होता. तिने पुन्हा रेघ बघितली, पुन्हा गुंडाळला, पुन्हा ताणला. दोनच बोटं. पण लांब.

मग तिने खाटेच्या पायथ्याचा कागद काढला. नर्स कमी म्हणून तो मावश्याच भरतात. ताप, लघवी, जेवण आणि शेवटचा रकाना "स्थिती". त्यात लिहायला तीन इंग्रजी शब्द शिकवलेत: इम्प्रूव्ह, सेम, वर्स. रविवारी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, इम्प्रूव्ह. खरं होतं ते, शनिवारपेक्षा सूज उतरली होती. त्याखाली सोमवारी दोन टिकल्या. मंगळवारी दोन टिकल्या. आज सकाळी दोन टिकल्या. म्हणजे आपण वहीत घालतो त्याच, वरीलप्रमाणे.

"तीन दिवस याचा पाय कुणी उघडून बघितला नाही गं," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांनी माझा शब्द बघितला."

"पण ताप नाहीये," मी कागद वाचत म्हटलं.

"दिवसातून तीन वेळा तापाची गोळी चालू आहे. येईल कसा?"

टक, फरर्र. टक, फरर्र.

"हे बघा, नऊ नंबर अजून इथेच? बारा वाजता खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी येतायत. त्यांना काय हवेत झोपवू?"

"सिस्टर, पाय वाढलाय."

"पाय वाढत नसतो, मावशी. नखं वाढतात."

मला हसू आलं, ते मी डब्याच्या झाकणामागे गिळलं. मावशीने दोन दोरे पुढे केले. मोठ्या सिस्टरांनी ते हातातही घेतले नाहीत.

"हे बघा. कागदावर चार दिवस इम्प्रूव्ह आहे. डॉक्टरांनी पेपर तयार केलेत. आणि पहिलं इम्प्रूव्ह तुमच्याच हातचं आहे. आता दोरा दाखवून सगळ्यांना खोटं पाडताय?" मग आवाज खाली आला, आणि तो वरच्या आवाजापेक्षा वाईट. "तुमचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शेरा अजून लिहायचाय. मावशी कटकटी आहे असं लिहायला मला आवडणार नाही."

गेल्या. टक, फरर्र.

मावशीने ओके डॉक्टरांना गाठलं. ते चालता चालता सह्या करत होते. "डॉक्टर, नऊ नंबर एकदा बघता?" "ओके, नऊ ना, इम्प्रूव्हिंग, ओके." "सूज वाढलीय." "ओके ओके, घरी पाय उंच ठेवायला सांगा, ओके?" सही झाली. चादर उचललीच नाही. मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिचा हात ओच्यातल्या दोऱ्यांवर होता.

तिच्या बाजूने कुणी नव्हतं. पेशंटही नव्हता. ती परत आली तेव्हा रंगारी उठून बसला होता.

"मावशी, पाया पडतो, आता मोडता घालू नका. शाळेची इमारत रंगवायला घेतलीय मी. मी नाही गेलो तर माझ्या शिडीवर दुसरा चढेल. इतकी मोठी इमारत मला जन्मात मिळाली नव्हती."

"दुखतंय का?"

"अजिबात नाही."

"टाच टेक बघू."

त्याने टाच टेकली. ओठावर घाम फुटला, कपाळावर फुटला. बायको दुसरीकडे बघायला लागली.

"मस्त," तो म्हणाला.

पावणेबाराला चाकांची खुर्ची आली. पेशंटला फाटकापर्यंत नेणं हे मावशीचंच काम. तिने त्याला उचलून बसवलं, पाय पुढच्या फळीवर ठेवला, ओचा खोचला आणि निघाली. मागे पिशवीसह बायको, तिच्यामागे डब्यासह मी. दारात मोठ्या सिस्टर घड्याळ बघत उभ्या. समोरून आजींचं स्ट्रेचर येत होतं.

कॉरिडॉर पुढे दोन बाजूंना फुटतो. उजवीकडे फाटक, बाहेर रिक्षा घरघरत उभी होती. डावीकडे ऑपरेशन थिएटर. तिथे साधी मावशी बोलावल्याशिवाय जात नाही.

मावशीचं पाऊल मंदावलं. मी मागून तिची मान बघत होते. ती मान एरवी कधी ताठ होत नाही, कायम कुणाच्या तरी खाटेवर वाकलेली. मला वाटलं, नको गं. अकरा वर्षं झालीत. जा उजवीकडे.

खुर्ची डावीकडे वळली.

"ओ, फाटक तिकडे!" रंगारी ओरडला.

"माहीतंय मला."

"हे बघा! मावशी! हे बघा!" मागून आवाज आला, आणि टक-फरर्र, टक-फरर्र असं भराभर यायला लागलं. मावशीनेही वेग वाढवला. खुर्चीचं एक चाक कुरकुरतं, ते किंचाळायला लागलं. "मावशी, शेरा लक्षात ठेवा!" मावशी थांबली नाही. थिएटरचं दार उघडलं आणि डोक्याला टोपी, हातात चहाचा कप घेऊन सर्जनसाहेब बाहेर आले. खुर्ची त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली.

सर्जनसाहेबांची सवय अशी, की ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. दुसऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही.

"काय आहे हे? पेशंट आहे. चाललाय कुठे? घरी. मग इथे का? बोला."

मावशी तिथेच फरशीवर बसली. पायजमा वर केला, पेनाची रेघ दाखवली आणि रविवारचा दोरा त्या रेघेवरून गुंडाळला. टोकं भेटली नाहीत. मधे दोन बोटं लखलखीत, ताणलेली कातडी. तिने तो दोरा तसाच धरून ठेवला. दोरा रेघेवरून हलला नाही.

मोठ्या सिस्टर धापा टाकत पोचल्या. "सर, हे बघा, यांचा रिपोर्ट इम्प्रूव्ह..."

"कधीचा दोरा?" सर्जनसाहेबांनी मावशीला विचारलं. आणि मला आयुष्यभर आठवेल, या वेळी त्यांनी उत्तर स्वतः दिलं नाही. थांबले.

"रविवारचा," मावशी म्हणाली. "सकाळचा."

त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि पोटरीवर एका जागी अंगठा दाबला. ज्याला अजिबात दुखत नव्हतं, तो रंगारी असा ओरडला, की बायकोच्या हातातली पिशवी पडली आणि त्यातून एक साबण घरंगळत थेट ओके डॉक्टरांच्या बुटापाशी गेला. ते तेवढ्यात आले होते.

"आत पू आहे? आहे. खोल आहे? खोल आहे," सर्जनसाहेब पुन्हा मूळपदावर आले. "घरी सोडणार होतात? सोडणार होतात. सही कोणाची?"

"ओके," ओके डॉक्टर म्हणाले. एकदाच.

खुर्ची तशीच आत गेली. दार मिटलं. बाहेर मावशी फरशीवर बसलेली, हातात दोरा, आणि समोर मोठ्या सिस्टर. मग मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजींना बेड हवाय," आणि वळल्या. "हे बघा"सुद्धा म्हणाल्या नाहीत. मावशी म्हणाली, "गेलं माझं." आणि डबा न खाताच नऊ नंबरची चादर बदलायला गेली.

रंगाऱ्याचा पाय राहिला. जखम उघडून पू काढला, आणि तिसऱ्या दिवशी तो खाटेवरून भिंतीकडे बघून म्हणाला, "हा रंग कुणी दिलाय? दोन हातसुद्धा मारले नाहीत लेकाने." शाळेची इमारत त्याच्यासाठी पंधरा दिवस थांबली. शाळेला तसंही कधी घाई नसते, हे मी अनुभवाने सांगते.

मोठ्या सिस्टर मात्र मावशीशी तीन दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत. काम सांगायचं असेल तर भिंतीला सांगायच्या. शनिवारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. डब्याचं निमित्त करून मीही मागोमाग आत शिरले. टेबलावर फॉर्म होता.

"हे बघा. शेरा लिहिलाय. सही करा."

मावशीने वाचलं. मी तिच्या काखेतून वाचलं. "कामात सुधारणा दिसून येते. कायम करण्यास हरकत नाही."

मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळीसुद्धा झाले. मावशीने पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"सिस्टर, सुधारणा कशापेक्षा?"

"काय?"

"आधी मी काय बिघडले होते?"

मी तिच्या पदराला हिसडा दिला. अगं बाई, कायम होतेयस, कर की सही! तिने माझा हात झटकला. "दोरा मी पहिल्या वर्षापासून बांधते. बुधवारी नव्याने काही केलं नाही. तुम्ही बुधवारी बघितलंत. मग सुधारलं कोण?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिचाही चेहरा उतरला. मोठ्या सिस्टरांनी फॉर्म ओढून घेतला. मला वाटलं, फाडला. त्यांनी पट्टी घेतली, नीट रेघ मारून वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "काम पहिल्यापासून चांगले." खाली सही, शिक्का. एवढ्या जोरात शिक्का मी पोस्टातही ऐकलेला नाही.

"झालं समाधान?"

मावशीने सही केली. दोघी चोरी पकडल्यासारख्या दुसरीकडे बघत होत्या.

"हे बघा," मोठ्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "ते दार लावा जरा."

मी दार लावलं. बाहेर जा असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून आतूनच लावलं. मोठ्या सिस्टरांनी डावी चप्पल काढली, ती फरर्र वाजणारी, आणि पाय स्टुलावर ठेवला. घोट्यापाशी मोज्याचा वळ रुतून बसला होता. दिवसभर उभं राहून आलेली सूज, कोण जाणे किती वर्षांची.

"रोज अशीच असते, की वाढतेय, मला कळत नाही," त्या म्हणाल्या.

मावशी खाली बसली. ओच्यातून पेन आणि दोरा काढून तिने घोट्याच्या वर रेघ मारली, दोरा गुंडाळला, टोक भेटलं तिथे कापला. मोठ्या सिस्टर श्वास रोखून तिच्याकडे बघत होत्या, अगदी दारातल्या नातेवाइकांसारख्या.

"काय? इम्प्रूव्ह आहे?"

"आज कसं सांगू?" मावशीने दोरा खुर्चीच्या हाताला बांधला. "उद्या याच वेळेला चप्पल काढून बसा."