शून्याला नव्वद सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सलीमला तर नाहीच. आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते त्यालाच — असो. सुरुवातीपासून सांगतो.

आम्ही खामगावचे पाच-सहा जण. विहिरीत, धरणात कुणी बुडालं की काढायला जायचो. पाठीला बांधून पाण्याखाली श्वास घ्यायची एक जुनी हवेची टाकी आम्हाला कुणीतरी दिली होती. ती बांधून खाली उतरायचा सलीम. त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान. माझा शाळेपासूनचा मित्र. टाकी असायची माझ्या घरी, आणि ती तपासणं माझं काम. नळीवरचं मीटर बिघडलेलं, म्हणून निघण्याआधी घरीच वेगळं मीटर लावून मोजायचं. मीटरची काच तोंडासमोर धरायची नाही — फुटली तर डोळे जातील — आणि व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा. काटा दोनशेवर आला की टाकी भरलेली. पाच मिनिटांचं काम. पाचच मिनिटांचं!

त्या रविवारी सासरची मंडळी आली होती. मी टाकी बाहेर काढली. कशाला? मिरवायला, दुसरं काय. प्रत्येकाच्या तोंडात नळी दिली, फुस्स करून हवा सोडून दाखवली. मेव्हणा हसला, मीही हसलो. किती हवा गेली, मोजलं नाही. व्हॉल्व्ह नीट बंद झाला का, तेही पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी वरवट बकालहून फोन आला. शेतातल्या विहिरीत एक मुलगी पडली होती. तास होऊन गेला होता. दारात गाडी हॉर्न देत होती. मीटर समोरच फळीवर होतं. मग मी ते का लावलं नाही? घाई होती म्हणून? नाही. काटा खाली दिसला असता, तर का खाली आला हे सांगावं लागलं असतं. मला तो बघायचाच नव्हता.

"टाकी मोजली का बे?" सलीमने गाडीत विचारलं.

"हाव. दोनशे हाय."

त्याने परत विचारलं नाही. माझ्या शब्दावर उतरला.

चाळीस फूट पाणी. काठावर मुलीची आई. थोड्या वेळाने सलीम एकदम वर उसळला — एकटाच, नाकातून रक्त. "हातात आली होती," तो धापा टाकत म्हणाला, "हवाच संपली."

"सोडलं काऊन रे माह्या पोरीले?" आईने हंबरडा फोडला.

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी टाकी गाडीत टाकली. म्हणालो, घरी मोजून सांगतो. मुलीला गावकऱ्यांनी शेवटी गळ टाकून काढलं.

घरी मीटर लावलं. काटा हललाच नाही. शून्य. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं — नव्वद शिल्लक होतं. लोकांना आकडा सांगितला की पटतं. आणि टाकी लगेच भरायला पाठवून दिली.

सलीम भित्रा ठरला. त्याला नेणं बंद झालं. एकदम वर येताना त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही.

आठवड्याने तो माझ्याकडे आला. वाटलं, भांडेल. भांडला असता तर — नाही, तेव्हाही मी खोटंच बोललो असतो.

"तू मोजलं तं खरंच असन," तो म्हणाला. "माहाच जीव घाबरला असन, यार."

स्वतःच्या छातीत श्वास संपलेला त्याने अनुभवला होता. त्यावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मी त्याला चहा पाजला.

आता आमच्यात नवी माणसं आली आहेत. त्यांना शिकवताना सलीमला मुद्दाम बोलावलं जातं. तो उजवा कान पुढे करून प्रश्न ऐकतो आणि न लाजता सांगतो, "पान्याखाली मानूस घाबरला का हवा असूनबी संपल्यावानी वाटते. वर पळू नका. माह्यावरून शिका."

मी शेजारीच बसलेला असतो. लोक खात्रीसाठी माझ्याकडे बघतात, आणि मी मान हलवतो.