विमानाआधी एक इंजिन

आमच्याकडे यान्बूला राहायला आलेल्या अब्बांचं विमान शनिवारी संध्याकाळी सहाला मदिनेहून होतं. व्हिसा संपत आला होता आणि एकच जागा बघायची राहिली होती, दमास्कस-मदिना रेल्वेचं एक बंद स्टेशन. रत्नागिरीकडे रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी केलेला माणूस! "इंजिन बघितल्याबिगर मी जायचा नाय," म्हणाले. म्हणून सामान गाडीत टाकून सकाळी आठलाच यान्बू सोडलं.

मदिनेपर्यंत रस्ता झकास. तिथे टाकी भरून घ्या, उत्तरेला पंप विरळ आहेत. फूल नावाची बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि गरम तमीस रोटी असा तिघांचा नाश्ता वीस रियालात झाला. पुढे रस्त्याच्या कडेने मातीचा भराव दिसू लागला. तीच रेल्वे. तुर्कांच्या उस्मानी राजवटीने हाजींसाठी बांधलेली. उंटावरचा महिनाभराहून मोठा प्रवास तिने काही दिवसांवर आणला. पहिल्या महायुद्धात ती उखडली गेली आणि मदिनेची गाडी बंद पडली ती कायमची.

बारा वाजता स्टेशन आलं. काळ्या दगडाची इमारत, मागे इंजिनाची शेड, भोवती कुंपण आणि फाटकाला कुलूप. पहारेकरी नमाजला गेलेला. कुंपणाला मात्र माणूस जाईल एवढी फट होती.

"अब्बा, इथून वाका. फोटो काढू आणि यल्ला, एअरपोर्ट," माझा नवरा इरफान म्हणाला.

"परवानगीबिगर लायनीवर पाय टाकायचा नाय."

"कसली लाईन? शंभर वर्षांत गाडी नाही आली!"

"राखायला माणूस ठेवलाय ना? मग त्याला इचारायचा."

दोनला निघायलाच हवं होतं. अब्बा दगडावर बसले. दीड वाजला, तरी हलेनात. मी इरफानला गाडी वळवून घ्यायला सांगितलं.

तेवढ्यात म्हातारा पहारेकरी आला. "आज बंद. खलास."

मोडक्या अरबीत मी सांगितलं, यांनी आयुष्यभर रूळ सांभाळलेत, तुमच्यासाठी दीड तास थांबलेत. त्याने फटीकडे पाहिलं, मग अब्बांकडे. फाटक उघडलं, आणि लोकांना गजांतूनच दाखवतात ती शेडही.

अब्बांनी इंजिनाकडे नुसतं मान वर करून पाहिलं. मग उकिडवे बसले आणि चाकापुढच्या रुळांमधलं अंतर वितीने मोजू लागले.

"मीटरगेजपेक्षा तीन बोटं जास्त," ते पहारेकऱ्याला चक्क मराठीत म्हणाले. त्याने गंभीरपणे मान हलवली.

विमान कसंबसं मिळालं. घरी येऊन फोटो पाहिले. इंजिन एकातही धड आलेलं नाही. सगळ्यांत आहेत ती दोन म्हातारी माणसं, रुळाशी उकिडवी बसलेली, आणि पहारेकऱ्याचीही वीत पसरलेली.