मास्तरांच्या कागदावरचा सूर्य

११ जानेवारीला प्रार्थनागृहाच्या समितीने रंगाऱ्याला आगाऊ चार हजार सातशे पन्नास मोजून दिले आणि मास्तरांचं कच्चं चित्र त्याच्यापुढे उलगडलं. भिंतीला रंग लागायच्या आधीच मास्तर गेले होते. त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं रंग कालवलेल्या या माणसाला पहिल्यांदाच अख्खी भिंत मिळत होती. मास्तरांच्या मनातलंच चित्र उतरलं पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला, असं चिटणिसांनी बजावलं होतं.

कागदावर हात उंचावलेले संत होते, पुढे बसलेली माणसं होती. त्यांच्या पाठीमागे, डावीकडे खाली, एक गोल आणि गोलात फुली.

"उगवता सूर्य," चिटणीस म्हणाले. "शेंबडं पोरही सांगेल."

मास्तरांनी सूर्यावर फुली मारलेली रंगाऱ्याने कधी पाहिली नव्हती. पण गरजवंताला अक्कल नसते. त्याने आधी सूर्यच रंगवला, चांगला सोनेरी. बाराव्या दिवशी सूर्याला पोपडे आले. खरवडून पुन्हा रंगवला, पुन्हा तेच. "हात कच्चा आहे याचा," समितीत कुजबुज सुरू झाली.

शेवटी कागद काखोटीला मारून तो मास्तरांच्या बायकोकडे गेला. काकू भाजी निवडत होत्या. कागद पाहून खुदकन हसल्या.

"अरे वेड्या, सूर्य कसला? आमच्या न्हाणीघरात बघ, असे चार उगवलेत! ओल दिसली की हे गोल करून फुली मारायचे. गवंड्याला कळावं म्हणून."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू रंग कालवायचास. भिंत ते चाचपून यायचे, तुझ्या आधी."

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने त्या जागी तळहात टेकला. गारढोण. पलीकडे मोरीचा पाइप गळत होता.

त्याने चिटणिसांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा उलगडला. "मग मास्तरांनी तिथे काढलं काय होतं?"

"काहीच नाही. भिंत दुरुस्त करा, एवढंच सांगितलं होतं."

"पाइप बदलू. पण समितीने चित्राचे पैसे मंजूर केलेत, गिलाव्याचे नाहीत."

"गिलाव्याचं मी बघतो. सूर्य मात्र काढणार नाही."

गवंड्याने पोपडा पाडून नवा गिलावा केला. तो वाळेपर्यंत रंगारी संतांच्या हाताची बोटं रंगवत बसला. चित्र पुरं झालं तेव्हा माणसांच्या मागे नुसता फिकट निळा रंग होता.

काकू बघायला आल्या. आधी त्यांनी खाली डावीकडे तळहात टेकला.

"कोरडी आहे," म्हणाल्या, आणि मग मान वर करून चित्र पाहिलं.

रंगाऱ्याला गवंड्याचे तीनशे वीस अजून द्यायचे आहेत.