नमुना प्रत

रायपूर नवी राजधानी झाली तेव्हाची गोष्ट. प्राध्यापकांची मोठी परिषद भरली आणि तिथलं पुस्तक प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं. शेवटच्या दिवशी गोल बाजारातल्या एका विक्रेत्याने एका विभागप्रमुखाला नमुना प्रत फुकट दिली. पुस्तक अभ्यासक्रमाला लागावं म्हणून अशी प्रत सगळेच देतात, पण गुपचूप. याने चहाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत दिली.

"मले काहून नाही?" कुणीतरी वऱ्हाडी प्राध्यापक ओरडला आणि स्टॉलवर झुंड तुटून पडली. टेबल उलटलं. सकाळी ज्यांना मी हार घातले, ते एकमेकांच्या कॉलरी धरून होते. विक्रेता आडवा आला, तर एका गुरुजींनी स्टॉलवरूनच उचललेला जाडजूड शब्दकोश त्याच्या कपाळावर हाणला. मी सोडवायला गेलो, तर कुणीतरी मलाच चावलं. मीही एकाच्या कानाखाली वाजवली आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

गर्दी पांगली. मी विक्रेत्याच्या फुटलेल्या कपाळावर रुमाल दाबून बसलो होतो. तेवढ्यात तेच गुरुजी परत आले. शब्दकोशाच्या कोपऱ्यावरचं रक्त अजून ओलं होतं. पहिलं पान उघडून त्यांनी तो विक्रेत्यापुढे धरला.

"भैया, इस पर 'सप्रेम भेंट' लिख दीजिए."