झाकणाबाहेरचा माणूस

एमिल हॅवर्का आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा आला, तेव्हा मापं घ्यायला मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, "हात वर कर." त्यानं दोन्ही हात थेट डोक्याच्या वर नेले, शरण आलेल्या माणसासारखे.

"अरे, खांद्याएवढे पुरेत," मी म्हणाले. "मी काय तुला पकडायला आलेय?"

तो ओशाळला. "सवय, बाई," एवढंच बोलला. जपानी कैदेत दोन वर्षं काढून आलेला माणूस आहे, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी तिथं कपडेपट सांभाळायचे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, लाकडाच्या वखारीशेजारची आमची पत्र्याची शेड. युद्ध संपून दहा-बारा वर्षं झालेली. मालकांना पाणबुडीचे सिनेमे फार प्रिय, कारण त्यात घोडे लागत नाहीत, रस्ते लागत नाहीत आणि बायका जवळजवळ लागतच नाहीत. एक लांबट खोली बांधली की झालं. आमची पाणबुडी प्लायवूडची होती आणि एकाच बाजूनं रंगवलेली. झडपा एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या बॉयलरच्या. स्फोट व्हायचा तेव्हा दोघं जण कॅमेरा गदागदा हलवत आणि वरून एक जण बुचाचा भुगा नि बादलीभर पाणी ओतत असे. भिंतीवरची पाटी बदलली की तीच पाणबुडी शत्रूची.

एमिल गर्दीतला नट. सात सिनेमांत त्यानं चाकं फिरवली, पाच वेळा मेला. त्याला हे काम आवडायचं. मी एकदा विचारलं, "खऱ्या पाणबुडीत राहून आलास, आता या खोट्या पाणबुडीचा कंटाळा नाही येत?"

"खोटी आहे म्हणूनच बरी," तो म्हणाला. "हिचं झाकण ढकललं की उघडतं, आणि बाहेर कॉफी असते."

त्याचा एकच जिवलग मित्र होता, रॉय टेनंट. रॉय आमच्या सिनेमांच्या कथा लिहायचा. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एमिलची बायको इर्मा दर रविवारी डुकराचं मटण, आंबवलेली कोबी आणि उकडलेले मैद्याचे गोळे करायची, आणि रॉय दर रविवारी तिथं हजर. "इर्मा, तू नसतीस तर मी डबाबंद सूपवर मेलो असतो," असं म्हणत तिसऱ्यांदा ताट पुढं करायचा. अशाच एका रविवारी, इर्मा चर्चच्या बायकांकडे गेली असताना, एमिलनं त्याला ती गोष्ट सांगितली. आजवर कुणालाही न सांगितलेली.

गोष्ट अशी. त्यांची पाणबुडी पहाटे पाण्यावर आली होती. एमिल आणि थर्मन पीक वर तोफेपाशी होते. ढगातून अचानक शत्रूचं विमान आलं. पहिल्याच गोळीबारात थर्मनचा पाय गेला. एमिल त्याला ओढत आत उतरायच्या झाकणापाशी आणतोय, तोच झाकण आतून बंद झालं आणि पाणबुडी बुडी मारायला लागली. एमिलनं दोन्ही मुठींनी झाकण बडवलं. पाणी गळ्याशी येईपर्यंत बडवलं. मग खाली काही उरलंच नाही. थर्मन थोडा वेळ त्याला धरून तरंगला, आईचं नाव घेत होता, मग सुटला. एमिलला शत्रूच्या बोटीनं उचललं.

हे सगळं मला कळलं ते पुढं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की रॉयनं नवी कथा आणलीय आणि मालक फार खूश आहेत.

"या वेळी खरी गोष्ट आहे," मालक सगळ्यांना सांगत सुटले. "आणि सुरुवातीला खरा नौदलाचा अधिकारी टेबलाशी बसून लोकांना सांगणार, की बाबांनो, हे असंच घडलं."

तो अधिकारी गणवेश घालून बघायला माझ्याकडे आला. निवृत्त कमांडर ऑल्डन व्हिटकोम. उंच, कानांवरचे केस पिकलेले, छातीवर मोठं पदक. नेमका तेव्हाच एमिल तिथं स्टुलावर उभा होता आणि मी त्याच्या विजारीचा काठ दुमडत होते. त्याचे पाय एकदम ताठ झालेले मला हाताला जाणवले.

"आपण कुठं भेटलोय का?" व्हिटकोमनं सहज विचारलं.

"हॅवर्का, साहेब. तोफेवरचा."

कमांडरचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. त्यानं पुढं होऊन एमिलचा हात दोन्ही हातांत घेतला. "हॅवर्का! तू जिवंत आहेस हे ऐकलं होतं मी. अरे, तुझ्या त्या हाकेनं आम्ही सगळे वाचलो."

"कुठली हाक, साहेब?"

"बुडी मारा म्हणून ओरडलास ना! अजून कानात आहे माझ्या."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर मी काहीतरी विचारलं असतं. एमिल स्टुलावरून उतरला आणि अर्धवट टाचलेल्या विजारीनिशीच रॉयच्या खोलीत गेला. भिंती पुठ्ठ्याच्या, सगळं ऐकू आलं.

"तू माझ्या घरी जेवलास रॉय," एमिल म्हणाला.

"अरे, ऐक तर—"

"तुला सांगितलं होतं मी काय झालं ते."

"सांगितलंस, आणि मी मालकांना सांगितलं. मालकांनी तुझा कॅप्टन शोधून काढला. त्याची हकीकत वेगळी निघाली, मी काय करू? त्याच्याकडे पदक आहे!" रॉयचा आवाज मऊ झाला. "आणि तुझं वाईट काय केलं मी? हिरो केलंय तुला येड्या. झाकण बडवणारा माणूस बघायला तिकीट कोण काढणार? झाकण लावा म्हणणारा हवा लोकांना."

"आणि थर्मन?"

"तोही म्हणतो. दोघंही म्हणता."

मला वाटलं, आता हा हाणणार. पण एमिल बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काठ पुरा कर, मॅबेल. त्या प्रसंगात मीच उभा राहणार आहे." त्यानं मनाची समजूत घातली असेल, असं मी धरून चालले. पोट कुणाला चुकलंय?

चित्रीकरणाच्या दिवशी कमांडर खुर्ची टाकून बसला होता. पाणबुडीची प्लायवूडची पाठ, मागं निळा रंगवलेला पडदा, दोन मोठे पंखे आणि बागेला पाणी घालायच्या नळीतून येणारा समुद्र. थर्मन म्हणून एका पोराला झोपवलं होतं. एमिलची कॅमेऱ्याकडे पाठ. त्यानं उभं राहून हात हलवायचा आणि ओरडायचं, एवढंच.

दिग्दर्शकानं खूण केली. एमिल उभा राहिला नाही. गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही मुठींनी ते झाकण बडवायला लागला. "उघडा! थर्मन आहे बाहेर! अहो, उघडा ना!" नळीचं पाणी त्याच्या तोंडात जात होतं आणि तो ओरडतच होता. शेवटी प्लायवूड फाटलं आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. कुणीतरी पंखे बंद केले. नळीवाल्याला मात्र काही सुचेना, तो पाणी मारतच राहिला.

कमांडर उठून जवळ गेला. "खाली साठ माणसं होती, हॅवर्का," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे साहेब," एमिल हात बाहेर काढत म्हणाला. मनगटातून रक्त येत होतं. "झाकण लावलंत त्याचा राग नाही. तुमच्या जागी मीही लावलं असतं. कैदेत असताना रोज मी तुमची बाजू घ्यायचो, माझ्याशीच. पण मी लावायला सांगितलं, असं का सांगितलंत?"

व्हिटकोम मग जे बोलला ते खरं बोलला असावा. "तू परत येशील असं कुणालाच वाटलं नव्हतं."

मी एमिलच्या हाताला फडकं बांधलं. तो कपडे बदलून घरी गेला, पुन्हा आला नाही.

सिनेमा लागला तेव्हा इर्मानं मला बरोबर नेलं. एमिल कामावर बिनसून घरी आला एवढंच तिला ठाऊक होतं; तिला वाटत होतं, नवऱ्याचा प्रसंग काढून टाकला असेल, मग बघायला काय हरकत आहे? एमिलही आला. का आला, देव जाणे. सुरुवातीला कमांडर टेबलाशी बसून बोलला. मग आमची पाणबुडी, लाँड्रीच्या झडपा, भुगा. आणि मग पडद्यावर एमिलची पाठ.

प्रसंग काढलेला नव्हता. दुसऱ्यांदा चित्रीकरण करायला वेळ नि पैसा कोण घालणार? तोच गुडघ्यांवर बसलेला एमिल, त्याच त्याच्या मुठी. फक्त आवाज दुसरा घातला होता. एमिल झाकण बडवत होता आणि आवाज ओरडत होता, "बुडी मारा, कॅप्टन! आमचा विचार करू नका! बुडी मारा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या पुढची बाई रुमालानं डोळे पुसत होती.

"हा रॉयचा आवाज आहे," एमिल म्हणाला.

होताच. आवाजाच्या नटाचे पैसेसुद्धा वाचवले होते.

इर्मानं त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला. बाहेर फुटपाथवर त्यानं तिला सगळं खरं सांगितलं, भर उन्हात, उभ्या उभ्या. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी निजते. आणि हे तू त्या रॉयला सांगितलंस?"

"तो परका होता म्हणून सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू रोज माझ्याकडे आत्ता बघतेयस तसं बघितलं असतंस."

इर्मा रडली नाही. बसमध्ये मात्र ती माझ्या शेजारी बसली, त्याच्या नाही.

सिनेमात एमिलचं नाव बदललं होतं. थर्मनचं बदलायचं राहून गेलं होतं. त्यामुळे दोन महिन्यांनी ओक्लाहोमाहून एक बाई स्टुडिओत आली. थर्मनची बहीण, ओपल. हातात घरून आणलेला अक्रोडाचा केक. "शेवटी त्याच्याबरोबर जो होता, त्याला भेटायचंय," म्हणाली. रॉय मागच्या दारानं सटकला. मीच तिला एमिलच्या घरी घेऊन गेले.

"आमच्या आईनं तीनदा पाहिला," ओपल सांगत होती. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं थर्मनचा फोटो पुढच्या खोलीत लावला. त्यानं स्वतःहून जीव दिला, हे कळल्यावर... तुम्ही होतात ना तिथं? असंच झालं ना?"

इर्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एमिलकडे पाहून मान हलवली, हो म्हण म्हणून. मीही मनात तेच म्हणत होते. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," एमिल म्हणाला. "त्याला मरायचं नव्हतं. तो घाबरला होता, मीही घाबरलो होतो. मी त्याला धरलं होतं. तो आईला हाक मारत होता."

ओपल मग उठली आणि कोट घालता घालता म्हणाली, "दोन दिवस बसनं आले मी. एक ‘हो’ ऐकायला. तेवढं तुमच्यानं झालं नाही?"

"थर्मनबद्दल खोटं बोलणारे पुष्कळ झाले, बाई."

"थर्मन मेलाय हो! जगायचं आम्हाला आहे." आणि ती गेली. केक टेबलावर तसाच.

एमिल दाराकडे तोंड करून उभा राहिला. "हिलासुद्धा मी नकोच होतो," तो म्हणाला. "पडद्यावरचा तो दुसरा हवा होता." इर्मा त्याच्याजवळ गेली. त्या दुपारी निदान तिनं त्याचा हात धरला आणि त्यानं धरू दिला.

पुढल्या वसंतात ती दोघं फ्रेझ्नोला गेली. तिथं बेदाणे भरायच्या कारखान्यात एमिलला काम मिळालं. कमांडर व्हिटकोम आणखी दोन सिनेमांच्या सुरुवातीला टेबलाशी बसला. त्याचा गणवेश मीच इस्त्री केला, कामच होतं माझं. रॉयला टेलिव्हिजनवाल्यांनी उचललं. जाताना तो मला म्हणाला, "एमिलला सांग, मनात काही ठेवू नकोस म्हणावं."

मी ते एमिलला कधीच सांगितलं नाही.