दादाने पुसलेले व्रण

माझ्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. सहाव्या वर्षी आले आणि तेराव्या वर्षापर्यंत त्यांनी मला घोडनवरी केलं. तीन स्थळं कल्याणला येऊन, मला पाहून, गूळपाणी घेऊन परत गेली होती. वडील नव्हते. घरात आई, मी आणि थोरला दादा. दादा स्टेशनात तारबाबू होता. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव म्हणे. मीही म्हणत असे.

त्या हिवाळ्यात एक जर्मन चित्रकार गाडीतून उतरला आणि पंधरा दिवस राहिला. शहाडकडे नदीकाठी बसून तो नावाड्यांचे, परटांचे चेहरे काढी. दादाशी त्याची ओळख झाली आणि एका दुपारी दादा त्याला आमच्या ओटीवर घेऊन आला. आईने माजघराचं दार लावून घेतलं. दादाने मला त्याच्यासमोर बसवलं.

काळा खडू तो असा दाबी की कागद करकरे. एक डोळा मोठा, मान लांब, हनुवटी वाकडी. आई म्हणाली, ही तर हडळ. पण ती मीच होते, रागावलेली, ताठ मानेची. व्रण त्याने लपवले नव्हते. खडू टेकवून एकेक काढला होता. कीव न करता इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. जाताना त्याने ते चित्र आम्हाला दिलं.

पुढे बडोद्याचं स्थळ आलं. इतक्या लांबून मुलगी पाहायला येणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी पत्रिका मागितली, आणि चित्र असेल तर चित्र.

मी दादाला म्हटलं, "हेच पाठव, आहे तसं. नाही म्हणाले तरी चालेल."

"आहे तसंच पाठवतो," दादा म्हणाला.

होकार आला. माझे व्रण पाहून कुणीतरी हो म्हणालं, या आनंदात मी लग्नापर्यंत जमिनीवर नव्हते. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी धीटपणे मान वर केली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली माळ तशीच राहिली. मग त्यांनी ती घातली. भरल्या मांडवातून उठून जाणारे ते नव्हते.

बडोद्याला त्यांच्या पेटीत मला ते चित्र सापडलं. डोळा तोच, मान तीच. गाल मात्र घासून गुळगुळीत केलेले, आणि डाव्या गालावर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या. एवढा मोठा अंगठा आमच्या घरात एकाचाच. त्याच हाताने माझा हात धरून मला अक्षरं गिरवायला शिकवली होती.

हे मागे उभे होते. "कोणी पुसलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

दादाने माझा केसाने गळा कापला होता. तरी सासरी माहेरची अब्रू काढायला जीभ वळेना. "मी," म्हटलं. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की ते दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घेत.

दिवाळसणाला आम्ही कल्याणला आलो. आल्या आल्या मी दादाला विहिरीपाशी गाठलं, सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता खरं काय ते तूच त्यांना सांग. त्याने मान डोलावली.

फराळाला दोघे शेजारी बसले. मी लाडवांचं ताट घेऊन दारात उभी होते.

हे दादाला म्हणाले, "तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही. बहिणीनेच फसवलं, त्याला तुम्ही काय करणार?"

मी दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोर आहे. तिची चूक पोटात घाला." आणि ताटातला एक लाडू उचलला.